पायाचे अंगठे फार लांब आहेत!

दोस्तांनो, या आठवड्याच्या पत्रांच्या गठ्ठ्यात वहीचं फाडलेलं एक पान निघालं. वर शाळेचं नाव नाही, खाली सही नाही. नुसतं ‘आठवीतला एक मुलगा’. मजकूर मात्र असा की मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली. त्यातला थोडा भाग तुम्हीही वाचा.

‘काका, २१ जूनला आमच्या पटांगणावर योग दिन झाला. सगळ्यांनी खाली वाकून पायाचे अंगठे धरले. माझे हात नडगीच्या मध्यापर्यंतच गेले. मागची रांग हसली. एक जण म्हणाला, याच्या पाठीत फूटपट्टी घातलीय. मग शिकवणाऱ्यांनी येऊन माझी पाठ जोरात दाबली. बोटं अंगठ्याला टेकली, पण गुडघ्यामागे अशी कळ आली की डोळ्यांत पाणी आलं. पुढे चार दिवस जिना उतरताना दुखत होतं. आता आजी म्हणते, रोज सकाळी माझ्याबरोबर योगासनं कर. पण माझं अंगच लाकडाचं आहे. लाकडाच्या माणसाने योगासनं करावीत का? ता. क. मोजे घालून केली तर चालतात का?’

अरे लाकडाच्या माणसा, आधी एक गोष्ट सांगतो. मी तुझ्याच वयाचा होतो, तेव्हा जत्रेतून योगासनांचा एक रंगीत तक्ता आणला होता. त्यात ओळीने चोवीस माणसं, चोवीस तऱ्हांनी वळलेली. पहिल्या ओळीतला माणूस नुसता ताठ उभा होता. मला वाटलं, यात काय शिकायचं? मी सरळ शेवटच्या ओळीकडे गेलो. तिसऱ्या दिवशी दुपारी, घरात कुणी नाही असं बघून, भिंतीशी डोकं टेकून पाय वर फेकले. पाय वर गेले आणि तसेच बाजूच्या मांडणीवर आले. पितळेचे डबे गडगडत अंगणापर्यंत गेले. माझी मान दहा दिवस डावीकडे वळलेली राहिली, आणि वर्गात मला ‘डावीकडे वळ’ असं नाव पडलं ते दहावीपर्यंत टिकलं. तेव्हा हसणाऱ्या रांगेचा अनुभव मलाही आहे, बरं का!

आता तुझ्या लाकडाबद्दल. ते लाकूड नाही, वय आहे. बाराव्या-तेराव्या वर्षापासून मुलगे भराभर उंच व्हायला लागतात, मुली त्याच्या थोड्या आधीच. जोरात वाढ चालू असली की एका वर्षात आठ-नऊ सेंटिमीटरसुद्धा उंची वाढते. गंमत म्हणजे ही वाढ सगळीकडे एकदम होत नाही. आधी पाय लांब होतात, धड मागाहून येतं. म्हणून तर या वयात विजार चार महिन्यांत आखूड होते आणि शर्ट तसाच बसतो. पाय लांब, धड अजून मागे, मग वाकल्यावर हात अंगठ्यापर्यंत पोचणार कसे? त्यात आपण दिवसाचे पाच-सहा तास बाकावर गुडघे मोडून बसतो, घरी येऊन पुन्हा गुडघे मोडून अभ्यासाला बसतो, आणि उरलेला वेळ मोबाइलपुढे. शेजारच्याचे हात टेकले ते त्याच्या हाडांच्या मापामुळेही असेल. त्यात त्याचं कर्तृत्व काही नाही, आणि तुझा गुन्हाही नाही.

एक प्रयोग कर. आत्ता, हे वाचता वाचताच. उभा राहा आणि खाली वाक. नडगीपर्यंत हात गेले ना? आता गुडघे थोडे मोड. गेले हात खाली! जादू नाही यात. मांडीच्या मागे जे लांब स्नायू आहेत, ते वर बैठकीच्या हाडाला आणि खाली गुडघ्याच्या पलीकडे बांधलेले असतात. गुडघा सरळ केला की ते दोन्ही टोकांना ताणले जातात आणि कंबरेला पुढे येऊ देत नाहीत. गुडघा मोडला की ते सैल पडतात. म्हणजे तुझी पाठ फूटपट्टी नव्हेच. अडत होतं मांडीमागे, आणि दाबली गेली पाठ!

दाबल्यावर कळ का आली, तेही ऐक. स्नायूंच्या आत ताण मोजणारे बारीक बारीक तंतू असतात. स्नायू अचानक ताणला गेला की ते मज्जारज्जूला खबर देतात, आणि उलट हुकूम येतो, ‘आवळून घे!’ डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, तो याच हुकमाने. म्हणजे वरून झटक्याने दाबलं की आतून स्नायू आवळतो, बाहेरून ताणला जातो, आणि या ओढाताणीत दुखावतो. वाकून वरखाली हिसके देणाऱ्यांचंही हेच होतं. तेच जर हळू गेलं आणि जिथे ताण जाणवला तिथे थांबून वीस-तीस सेकंद शांत श्वास घेतला, तर तो हुकूम ढिला पडतो. म्हणजे योगासनांत नवख्याला पहिली गोष्ट शिकायची असते ती पोचायची नव्हे, थांबायची.

ताण आणि कळ यांतला फरक तेवढा ओळखायला शीक. ताण स्नायूच्या मधोमध येतो, पसरलेला असतो, त्यात श्वास चालू राहतो, आणि आसन सोडल्यावर बरं वाटतं. कळ सांध्याजवळ येते, सुईसारखी टोचते, चेहरा वाकडा होतो, श्वास अडकतो. ताण आला तर थांब. कळ आली तर मागे फिर, मग समोर कुणीही उभं असो. ‘सर, दुखतंय, हात काढा,’ एवढं म्हणायला भ्यायचं नाही. उद्धटपणा होत नाही त्याने.

ही गोष्ट एका फार मोठ्या माणसालाही महागात पडली होती. बी. के. एस. अय्यंगार हे नाव पुण्यातल्या मुलांनी तरी ऐकलं असेल. १९१८ साली कर्नाटकातल्या बेळ्ळूर गावी ते जन्मले, तेव्हा इन्फ्लुएंझाची साथ चालू होती आणि त्यांच्या आईलाही तो ताप होता. पोर जन्मतःच अशक्त. पुढे हिवताप झाला, विषमज्वर झाला, क्षय झाला. हातपाय काड्यांसारखे, डोकं जड. १९३४ मध्ये, पंधरा-सोळा वर्षांचे असताना, ते मैसूरला बहिणीच्या घरी राहायला गेले. बहिणीचे यजमान टी. कृष्णम्माचार्य हे योगाचे नामांकित गुरू. हा मुलगा त्यांच्याकडे वाकायला शिकू लागला तेव्हा त्याचे हात कुठपर्यंत जात होते सांगू? गुडघ्यापर्यंत! हे स्वतः अय्यंगारांनीच सांगून ठेवलंय. तू नडगीपर्यंत जातोस, म्हणजे त्यांच्या पुढे एक वीत आहेस.

मैसूरलाच एकदा गुरूंनी त्यांना पाहुण्यांसमोर हनुमानासन करायला सांगितलं. म्हणजे एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही जमिनीला सपाट टेकलेले. शरीराची तयारी नव्हती, पण नाही म्हणायची सोयही नव्हती. त्यांनी केलं, आणि मांडीमागचे तेच स्नायू फाटले. त्यानंतर बराच काळ त्यांना नीट चालणं जमत नव्हतं. गुडघ्यामागची तुझी कळ वाचून मला हेच आठवलं.

१९३७ मध्ये गुरूंनी त्यांना पुण्याला शिकवायला पाठवलं. वय अठरा, मराठीचा गंध नाही, आणि शिकायला येणारे वयाने मोठे, अंगाने धडधाकट. तिथेच ते राहिले, शिकवत राहिले आणि स्वतःच्या अंगावर तासन् तास प्रयोग करत राहिले. ज्याचा हात जमिनीला टेकत नाही त्याने काय करावं? त्याच्या हाताखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा! ज्याच्या हातात पाय येत नाही त्याच्या पायाला पट्टा अडकवावा. खुर्ची, दोर, घोंगडी, उशी, जे दिसेल ते त्यांनी वापरलं. जमीन तुमच्यापर्यंत येत नसेल तर ती वर उचलायची. किती साधी युक्ती! १९७५ मध्ये पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली, तिथे देशोदेशींचे लोक शिकायला येत. २०१४ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं वय ९५ होतं. ते मवाळ शिक्षक होते असं मात्र समजू नका हं. वर्गात त्यांचा आवाज असा चढायचा की भलेभले दचकत.

१९६६ मध्ये त्यांचं ‘लाइट ऑन योगा’ हे इंग्रजी पुस्तक आलं. त्यात शेकडो छायाचित्रं आहेत आणि प्रत्येक आसनापुढे ते किती अवघड याचा आकडा आहे. सर्वांत अवघडाला ६०. आणि १ कशाला? ताडासनाला. म्हणजे नुसतं ताठ उभं राहणं! माझ्या तक्त्यातल्या पहिल्या ओळीतला तो माणूस! त्याला मी हसून पुढे गेलो होतो, आणि डबे अंगणात गेले होते.

तेव्हा आपण तिथूनच सुरू करू. सकाळी शौचाला जाऊन यायचं, पोटात काही नसताना करायचं. संध्याकाळी करणार असशील तर जेवण होऊन तीन-चार तास गेलेले हवेत. जमिनीवर सतरंजी किंवा चटई घाल. कपडे ढगळ असू देत. बस्स, याहून खर्च नाही. महागड्या रबरी चटईसाठी आईबाबांच्या मागे लागू नकोस. आणि एक लाकडी पाट आजीकडून मागून घे. तो आपला ठोकळा.

आधी ताडासन. पावलं जवळ, अंगठे-टाचा सारख्या टेकलेल्या, गुडघे सरळ पण मागे ढकललेले नव्हेत, खांदे खाली सोडलेले. सोपं वाटतं ना? आता लक्ष दे, वजन कुठे पडतंय? बहुतेकांचं एकाच टाचेवर पडतं. चप्पल उलटी करून बघ, जिकडे झिजली असेल तिकडे. ते वजन दोन्ही पावलांवर सारखं वाटता वाटता एक मिनिट कसं जातं कळत नाही.

मग वृक्षासन. एका पायावर उभं राहून दुसऱ्याचं पाऊल मांडीच्या आतल्या बाजूला टेकवायचं. मांडीवर राहत नसेल तर पोटरीवर ठेव, पण गुडघ्यावर ठेवू नकोस, गुडघ्याला बाजूने दाब सोसत नाही. समोर भिंतीवर एक ठिपका धरून त्याच्याकडे बघत राहा. मग एक गंमत कर. भिंतीला हात टेकून क्षणभर डोळे मिट. कसा डुलायला लागलास बघ! तोल सांभाळायला कानाच्या आतला भाग आणि तळपाय असतातच, पण डोळ्यांवर आपण किती विसंबून असतो ते तेव्हा समजतं.

यानंतर ते तुझं वैरी आसन. पाट समोर आडवा ठेव. पावलांत वीतभर अंतर, गुडघे थोडे मोडलेले. कंबरेतून पुढे वाक आणि हात पाटावर टेकव. पाठीचं कुबड करून हात लांबवण्यापेक्षा पोट मांडीकडे ने. आता पाच श्वास तसाच राहा, आणि मग गुडघे थोडे सरळ करायचा प्रयत्न कर. ताण आला? थांब. उद्या पुन्हा. पाटही उंच वाटत नसेल तर खिडकीच्या कट्ट्यावर हात ठेवून मागे मागे सरक, पाठ सपाट होईपर्यंत. अंगठे किती लांब राहिले हे रोज मोजायचं नाही. महिन्यातून एकदा बघ. उठताना झटकन वर येऊ नकोस, चक्कर येते.

पुढची मांजर-चाल सगळ्यांना आवडते. हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन, श्वास सोडताना पाठ वर फुगवायची आणि घेताना खाली सोडायची. आमच्या घरचा बोका शेजारी येऊन हेच करून दाखवायचा, आणि माझ्याकडे बघून जांभई द्यायचा. त्यानंतर पालथं झोपून भुजंगासन. कोपरं बरगड्यांजवळ, छाती वर. हाताने जमीन रेटून पराक्रम दाखवायचा नाही. क्षणभर तळहात जमिनीवरून उचलून बघ, छाती जेवढी वर राहील तेवढंच तुझं आजचं भुजंगासन. मग वज्रासनात बसून घे. घोटे दुखत असतील तर खाली टॉवेलची वळकटी ठेव.

श्वासाचं म्हणशील तर नाकाने घे, नाकाने सोड, आणि रोखून धरू नकोस. मनगटावर नाडी धरून बस आणि सावकाश श्वास घे-सोड कर. श्वास घेताना ठोके थोडे जवळ येतात, सोडताना थोडे लांबतात. मुलांमध्ये हे छान कळतं. म्हणून परीक्षेच्या आधी छाती धडधडत असली तर तीन आकडे मोजून श्वास घ्यावा आणि पाच आकडे मोजून सोडावा. पेपर सोपा होत नाही त्याने, पण प्रश्न नीट वाचता येतो.

शेवटी शवासन. उताणं पडून हातपाय सैल, पाच मिनिटं. हे गाळायचं नाही. घोरलास तर आजी उठवेल.

हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत आटपतं. आठवड्यातून चार-पाच दिवस झालं तरी खूप. शीर्षासन, सर्वांगासन, जोरजोराने करायची कपालभाती, श्वास कोंडून ठेवणं, या गोष्टी समोर जाणता शिक्षक असल्याशिवाय घरी करू नकोस. मोबाइलवर दिसतात म्हणूनही नको. तो दाखवणारा तुला पाहू शकत नाही, तुझी मान त्याला कशी दिसणार? दमा असेल, हाड मोडलेलं असेल, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. गुडघ्यामागचं दुखणं अजून थोडंही असेल तर ते पूर्ण थांबेपर्यंत वाकायचं आसन सोडून बाकीची कर. मुलींनो, पाळीच्या दिवसांत अंग जड वाटत असेल तर नुसतं शवासन करा किंवा अजिबात करू नका. आणि बरं वाटत असेल तर हलकी आसनं करायला हरकत नाही.

‘योगाने सगळे रोग जातात’ असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांना आसनांबद्दल कमी का प्रेम होतं? तरी त्यांनी प्रयोगशाळा काढली. आसनं करताना पोटात, छातीत नेमकं काय घडतं ते क्ष-किरणांनी पाहिलं, दाब मोजले, आणि जे दिसलं ते छापलं.

तुझ्यासाठी आणखी एक माहिती, मागच्या रांगेला सांगायला. पतंजलींची योगसूत्रं दोनशेच्या आत-बाहेर आहेत. त्यांतली आसनांवर किती असावीत? अवघी तीन! आणि त्यांत अंगठे धरण्याचा उल्लेखही नाही. आसन स्थिर असावं आणि त्यात सुख वाटावं, एवढीच त्यांची अपेक्षा. पटांगणावर त्या दिवशी नडगी धरून शांत उभा असतास, तर पतंजलींच्या हिशेबाने तू पास होतास. पाठ दाबल्यानंतर मात्र नापास झालास.

आजीबरोबर करायला लाजू नकोस. तिच्या वयाला घाई नसते, त्यामुळे तुलाही करता येणार नाही. तिचा गुडघा दुखत असेल तर वज्रासन तिला लावू नकोस, खुर्चीवर बसव, आणि तिच्या वृक्षासनाच्या वेळी खांदा पुढे कर. पुढच्या पत्रात तिचे हात कुठपर्यंत जातात ते कळव. माझा अंदाज आहे की ती अंगठे धरत असेल! जन्मभर खाली बसून भाज्या निवडल्यात तिने.

आणि हो, ता. क.चं उत्तर राहिलंच. मोजे घालून नाही चालत. फरशीवर सटकशील आणि वृक्ष मुळासकट आडवा होईल. थंडीत पाय गारठत असतील तर शवासनाच्या वेळी घाल.